खडी सलामी

आमच्या घरी सकाळ पितळेच्या आवाजानं व्हायची. वाद्यं वाजण्याच्या नव्हे, घासण्याच्या. अंगणात माय आणि काकू चिंचेचं पाणी आणि चुलीतली राख घेऊन बसायच्या, समोर कॉर्नेट, दोन क्लॅरिनेट, मोठा भोंगा आणि झांजा. आमगावात आमचं घर रेल्वेलाइनच्या अलीकडे होतं. मालगाडी गेली की दोरीवर वाळत घातलेले लाल कोट हलायचे आणि त्यांच्या सोनेरी दोऱ्या भिंतीवर आपटायच्या. कोटांच्या खुंट्या ठरवून देणं हे माझं काम. ते मला कुणी दिलं नव्हतं, मीच घेतलं होतं. कुणाचा कोट कुठे, कुणाच्या टोपीचा तुरा तुटला, ढोलाची कातडी कधी बदलायची, हे मला विचारल्याशिवाय बँड घराबाहेर पडत नसे. आज मी गोंदियात एका लग्नाच्या लॉनचं बुकिंग आणि व्यवस्था बघते, तेव्हा लोक विचारतात की एवढं सगळं डोक्यात कसं राहतं. डोक्यात काही राहत नाही, खुंटीवर राहतं. प्रत्येक गोष्टीला एक खुंटी द्यायची, एवढंच.

बँड बाबांचा होता, पण बँडचा जीव आजा, म्हणजे बाबांचे वडील. आजा सकाळी बासी खायचा, म्हणजे रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला, वर कांदा आणि मिरचीचं मीठ. आम्ही तोच भात फोडणी देऊन खायचो, त्याला फोडणी चालत नसे. ही त्याची पलीकडची सवय होती. पलीकडची म्हणजे दरेकशाच्या बोगद्याच्या पलीकडची. तिकडे जंगलात सरईगड नावाचं एक लहानसं संस्थान होतं आणि त्या संस्थानच्या बँडमध्ये आजा कॉर्नेट वाजवायचा. संस्थान गेलं, बँड मोडला, आणि आजा कॉर्नेट पाठीला बांधून गाडीत बसला तो आमगावला उतरला. इथंच का, असं मी एकदा विचारलं होतं. "गाडी थांबली, भूक लागली होती," तो म्हणाला. मग इथंच लग्न केलं, भाऊबंद जमवले, त्यांना वाजवायला शिकवलं आणि लग्नाचा बँड काढला. राजाची चाकरी संपली आणि नवरदेवांची सुरू झाली.

येताना त्यानं आणखी एक गोष्ट आणली होती: सरईगडचं राजगीत. आम्ही त्याला राजगीत म्हणत नव्हतो, सलामी म्हणत होतो. मागच्या महिन्यात तिकडच्या एका कॉलेजातून एका बाईंचा फोन आला. त्या या राजगीताचा इतिहास लिहीत आहेत. त्यांच्याकडे शब्द आहेत, चाल नाही. त्यांनी मला फोनवर शब्द वाचून दाखवले. डोंगर, नदी, सूर्यवंश, राजाला दीर्घायुष्य, असं सगळं जड हिंदीत होतं. मला ते अगदी परक्या माणसाचं वाटलं. आमच्या घरात त्या सुरावर कुणी कधी एक शब्द म्हटलेला नव्हता. मला जे ठाऊक होतं ते मी त्यांना क्रमानं सांगितलं. आजाच्या सांगण्याप्रमाणे चाल बसवली ती संस्थानच्या गोव्याकडच्या बँडमास्तरानं. राजाला इंग्रज साहेबांसारखी आपलीही सलामी हवी होती. मास्तर बरेच दिवस पेटी घेऊन बसला, काही जमेना. मग एका पावसाळ्यात बांधावरून जाताना त्यानं परा, म्हणजे भाताची रोपं, लावणाऱ्या बायांचं गाणं ऐकलं, त्याची चाल उचलली, हळू केली आणि पितळेत बसवली. राजपुरोहितानं मागाहून शब्द लावले. बायांना पत्ताच नव्हता. "राजाचा दरबार त्याच गान्यावर उभा राहे, ज्या गान्यावर बाया वाकत," आजा म्हणायचा आणि हसायचा. खरं किती, खोटं किती, कोण जाणे. फोनवरच्या बाईंनी मात्र ते लिहून घेतलं.

मास्तराचा एक नियम कडक होता. सलामी चालता चालता वाजवायची नाही. पाय जुळवून उभं राहायचं, नजर समोर, मगच फुंकायचं. लग्नाचा बँड काढल्यावर आजानं ही सलामी नवरदेवासाठी घेतली, कारण त्या दिवशी राजा तोच. पण नियम सोडला नाही. वरात मांडवाच्या तोंडाशी आली की बँड थांबायचा. नाचणारे थांबायचे. लाल कोटवाले सरळ रांगेत उभे राहायचे आणि सलामी सुरू व्हायची. बँड एवढा ताठ का उभा राहिला, हे बघायला सुरुवातीला मांडवातले लोक उठले असतील. मग ते उठणंच रीत झाली. आमगावच्या भोवतालच्या गावांत तिला 'खडी', म्हणजे उभी, म्हणत. खडी झाल्याशिवाय नवरदेवाला मांडवात घेत नसत. म्हाताऱ्या बाया विचारायच्या, "खडी झाली का वो?" आणि झाली नसेल तर ओवाळणीचं ताट खाली ठेवायच्या. मांडवात कुणीही बसलेलं असो, खडी सुरू झाली की उठायचं. पाटील, मास्तर, सावकार, सगळे. कशासाठी उठतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि कुणाला ते विचारावंसंही वाटत नव्हतं.

मी खडीबद्दल एवढं सांगते याला कारण आहे. लग्नात बँडवाल्यांचं जेवण शेवटी असायचं. गोठ्याच्या बाजूला, पत्रावळीवर, वरून वाढलेलं. भात-वरण, वांग्याची भाजी, उरली असेल तर बुंदी. पाणी ओंजळीत ओतायचे. आमच्या जातीला हे नवीन नव्हतं, आणि घरी त्यावर कुणी बोलत नसे. पण खडीच्या वेळी अख्खा मांडव आमच्या बाबांसमोर उभा असायचा. बाबांच्या चालण्यात त्या दिवशी रात्रीपर्यंत काहीतरी निराळं असे. मायला ते दिसायचं आणि तिला ते सहन व्हायचं नाही.

"तुमी वाजवता म्हनून नाई उठत ते," ती कोट घडी करता करता म्हणायची. "नवरदेव आला म्हनून उठतात."

"मी कुठी काय म्हटलं?" बाबा म्हणायचे.

"तोंडानं नाई म्हटलं."

आजा बासीचं ताट उचलून त्यातलं पाणी प्यायचा.

सलामीचे तुकडे तीन होते. आमच्या बँडला दोनच येत होते. पहिला राजा दिसला की, तेव्हा दरबार उठायचा. दुसरा राजा चालत गादीपर्यंत जाताना. तिसरा राजा बसल्यावर, आणि तो वाजला की दरबारानं बसायचं. लग्नात दुसऱ्या तुकड्यानंतर काका ड्रमवर एक लांब घाई, म्हणजे जलद ठेका, द्यायचे आणि खडी संपायची, लोक आपापले बसायचे. आजाचे दात गेले तेव्हा कॉर्नेट बाबांकडे आलं, पण तिसरा तुकडा आला नाही. बाबांनी एक-दोनदा मागितला. आजा म्हणाला, "तो लग्नात लागत नाई." बाबा चिडायचे. बुढा मरेल आणि सोबत घेऊन जाईल, असं काकांना म्हणायचे. मला वाटायचं की आजा तो तुकडा राजासाठी राखून बसला आहे.

मग ठाकूर सर आले. ते हायस्कूलला बदलून आलेले गणिताचे शिक्षक, मूळचे सरईगडचे. लिखीराम पाटलांच्या घरच्या लग्नाला त्यांना बोलावणं होतं. लिखीराम पाटील म्हणजे जवळच्याच एका गावचे मोठे शेतकरी, जातीनं पोवार, शेतीवाडी भरपूर, आवाज असा की बांधावरून बोलले तर रस्त्यावर ऐकू यावं. खडी सुरू झाली आणि ठाकूर सर दोन्ही हात मांड्यांना लावून असे उभे राहिले की बघणाऱ्यांनी खडीकडे पाहायचं सोडून त्यांच्याकडे पाहिलं. ते रडत होते. खडी संपल्यावर ते धावत बाबांकडे आले.

"अरे भाई, ये तो हमारा राजगीत है! हमारे बाबूजी गुनगुनाते थे. तुम्हाला कुठून मिळालं?"

बाबांनी आजाचं नाव सांगितलं. सर दुसऱ्या दिवशी घरी आले, आजाच्या पाया पडू लागले, आजानं पाय मागे घेतले. खूप भला माणूस. त्यांनी आनंदाच्या भरात ही गोष्ट शाळेत सांगितली, चहाच्या टपरीवर सांगितली, पाटलांच्या ओट्यावर सांगितली. आमगावच्या लग्नांत सरईगडचं राजगीत जिवंत आहे, केवढी मोठी गोष्ट! त्यांना ती मोठी वाटली, लोकांना मजेची वाटली. पुढच्याच लग्नात खडी सुरू झाली तेव्हा तरण्या पोरांची एक रांग खुर्च्यांवर बसून राहिली.

"उठा ना गा," कुणीतरी म्हणालं.

"कायले? राजा मेला, राज गेलं. आमी का त्याचे नोकर हावो?"

मांडव हसला. हसता हसता आणखी दोघे-तिघे बसले. त्यानंतरच्या लग्नात अर्धा मांडव बसलेला होता. एका घरच्या मुलानं बाबांना आधीच सांगितलं, "ते मेलेल्या राजाचं नको, सिनेमातलं वाजव." बाबांनी सिनेमातलं वाजवलं. घरी येऊन त्यांनी कोट माझ्या हातात दिला. एरवी ते स्वतःच तो खुंटीला टांगायचे.

मला आज वाटतं की ठाकूर सरांवर राग धरायचं काही कारण नव्हतं. त्यांना जे सापडलं ते त्यांचं होतंच. पण ते सापडल्यामुळे आमचं गेलं, हेही तितकंच खरं.

त्याच उन्हाळ्यात ताईचं लग्न ठरलं. शेवंताताई माझ्याहून मोठी, शांत, घासलेल्या कॉर्नेटमध्ये तोंड बघून टिकली लावणारी. मुलगा सालेकशाचा, रेल्वेत गँगमन. लग्न आमच्या दारात. मी सामानाची यादी केली, पाहुण्यांची केली, खुर्च्या शाळेतून आणायच्या ठरवल्या. जांभळाच्या फांद्यांचा मांडव पडला. काकूनं लाखोरीच्या डाळीच्या वड्यांसाठी डाळ भिजवायचा मान मागून घेतला. सगळं जागच्या जागी होतं, फक्त एक गोष्ट कुठल्याच खुंटीवर बसत नव्हती. खडी कोण वाजवणार? नवरीचा बाप मांडवाच्या तोंडाशी नवरदेवाला घ्यायला उभा असतो. आणि खडीचं कॉर्नेट त्याच बापाकडे होतं.

"खडी नाईच वाजवाची," माय म्हणाली. "एक दिवस तरी पोरीचे बाप व्हा. बँडवाले नका होऊ."

"आन् लोकं बसून रायली म्हंजे?" काका म्हणाले. "पाटील येनार हायत, सर येनार हायत. लोकांच्या दारात नाई उठले त चालते. आपल्याच दारात आपल्याच जावयाले कोनी नाई उठलं, त तोंड कुठी लपवाचं?"

पाटलांच्या घरच्या प्रत्येक लग्नात बाबांनी वाजवलं होतं, म्हणून पाटलांना बोलावणं गेलं होतं. पाटील येतील, अक्षता टाकतील आणि जातील, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या घरचं पाणी ते पिणार नाहीत, हेही. पण ते उठले नाहीत तर आमगावात खडी संपली, आणि ती आमच्याच मांडवात संपली, असं झालं असतं.

आजा भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, "वाजव. पन कोट नको घालू. घरधनी कोट घालत नाई." मग म्हणाला, "आन् तिसरा शिकून घे."

बाबांनी मान वर केली. "लग्नात लागत नाई म्हनत होते ना?"

"लोकांच्या लग्नात नाई लागत. तिसऱ्या तुकड्याचा अर्थ का हाय? बसा. लोकांच्या मांडवात कोनाले बसा म्हननारे आपन कोन? उठले त उठले, बसले त त्यांचं घर." त्यानं मायकडे पाहिलं. "हे आपलं घर हाय."

मायनं पेटीतून बाबांचं पांढरं धोतर आणि नवा सदरा काढून ठेवला.

पुढचे काही दिवस आजा दुपारी बोळक्या तोंडानं तिसरा तुकडा म्हणायचा, बोटानं परातीवर ठेका धरायचा, आणि बाबा कॉर्नेट घेऊन समोर. ताल चुकला की आजा परात पालथी घालायचा. तो तुकडा बाकी दोहोंसारखा ताठ नव्हता. उतरत जायचा, दम खात, एखाद्या बाईनं दिवस संपल्यावर डोक्यावरचा भारा हळूहळू खाली ठेवावा तसा. तो परा लावणाऱ्या बायांचा आहे, ही गोष्ट मला तेव्हाच खरी वाटली. ताई स्वयंपाकघरातून ऐकायची आणि हातातलं काम थांबवायची.

लग्नाच्या दिवशी वरात सालेकशाहून दुपारच्या गाडीनं उतरली. आमचेच भाऊबंद लाल कोटात तिला वाजवत घेऊन आले. बाबा पांढऱ्या सदऱ्यात मांडवाच्या तोंडाशी उभे होते, हातात कॉर्नेट. सालेकशाच्या पाहुण्यांत कुजबुज झाली. आजा बाबांच्या शेजारी, त्याचा संस्थानातला जुना कोट घालून. त्याला तो कोट घालायची परवानगी मायनं स्वतः दिली होती. पाटील पुढच्या रांगेत खुर्चीवर होते, हातात काठी, शेजारी ठाकूर सर. मागे आमचे लोक, गावचे लोक, आणि त्या दिवसांत जिथं तिथं दिसायची ती तरण्या पोरांची रांग.

बँड थांबला. पाय जुळले. पहिला तुकडा सुरू झाला.

ठाकूर सर उठले. तेही हात मांड्यांना लावून, आपल्या राजासाठी. आमच्या घरची माणसं उभीच होती. बाकी कुणी हललं नाही. मी मांडवाच्या खांबाला धरून उभी होते आणि मला फक्त पाटलांची काठी दिसत होती, दोन्ही पायांच्या मध्ये रोवलेली. पहिला तुकडा संपला. बाबांच्या कपाळावरची शीर दिसत होती, पण सूर हलला नाही. दुसरा सुरू झाला. नवरदेव, सावळा, घाबरलेला मुलगा, बाशिंगाच्या झालरीतून इकडे तिकडे बघत चालू लागला.

तरण्या पोरांपैकी एक हसून म्हणाला, "पाटील, तुमी बसूनच रायजा. मेलेल्या राजाची हाय."

पाटलांनी मान वळवली. मग काठीवर दोन्ही हात टेकवून ते उठले. त्यांचे गुडघे दुखतात, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"माझ्या लग्नात वाजली तवा राजा जित्ता होता का मेला, मले का मालूम," ते त्यांच्या त्या आवाजात म्हणाले. कॉर्नेटच्या वरूनही ते ऐकू आलं. "माझ्यासाठी वाजली होती. उठ रे."

तो उठला. मग त्याची रांग उठली. मग खुर्च्या सरकल्याचा आवाज मागपर्यंत गेला. दुसरा तुकडा संपत आला आणि सगळे काकांच्या ड्रमची वाट पाहू लागले, म्हणजे बसता येईल. ड्रम वाजला नाही. बाबांनी श्वास घेतला आणि तिसरा तुकडा सुरू केला.

त्या मांडवात कुणीही तो कधी ऐकला नव्हता. ठाकूर सरांनी सुद्धा नाही. लोक एकमेकांकडे बघू लागले. बसायचं की उभं राहायचं, कुणालाच कळेना. सूर उतरत गेला. पाटलांचा सगळा भार काठीवर होता. त्यांनी मागे खुर्चीकडे पाहिलं, मग बाबांकडे, बाबा तर फुंकत होते, म्हणून शेवटी आजाकडे.

"का गा," ते म्हणाले. बांधावरच्या आवाजात नव्हे, हळू. "बसू का आता?"

आजानं नवरदेवाकडे पाहिलं. आमच्या मामानं त्याला शाळेच्या खुर्चीवर बसवलं, बाशिंग नीट केलं. मग आजानं हात वर केला, तळवा खाली वळवला आणि सावकाश खाली आणला, जसा त्याचा मास्तर आणत असेल.

"बसा, पाटील."

पाटील बसले. त्यांच्यामागे सगळा मांडव बसला.

त्यानंतर मंगलाष्टका झाल्या, अक्षता पडल्या, लाखोरीचे वडे पुरले. बँडवाले त्या दिवशी पहिल्या पंगतीला जेवले, कारण पंगत मी लावली होती. पाटील अक्षता टाकून निघाले. मायनं तांब्या पुढे केला होता, त्यांनी हात जोडले, गाडी धरायची आहे म्हणाले. त्यांच्या गावाला जाणारी गाडी त्या वेळी नव्हती.

सगळं आवरलं, ताई गेली, घर रिकामं झालं. मी कोट खुंट्यांवर लावत होते. माय भांड्यांजवळ बसली होती आणि ती तेच बोलली जे ती बोलणार हे मला ठाऊक होतं.

"पानी नाई पेला तो."

आजा आपला जुना कोट अंगातून काढत होता. एक बाही काढून तो थांबला.

"नाई पेला," तो म्हणाला. "पन बसला त इचारून."